बेकार कोण? मोजणी आमच्या शब्दांत झालीच पाहिजे!



बेकारीचा आकडा निघाला की वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत छापून येतो. खाली आला तर सरकार पक्ष छाती पुढे काढतो, वर गेला तर विरोधी पक्ष बाके बडवतो. आम्ही एकच साधा सवाल करतो. हा आकडा कोणाचा? सूतगिरणीच्या गेटवरून आठवड्यात चार दिवस परत फिरलेला बदलीवाला त्यात धरला आहे काय?

नाही, तो धरलेला नाही! का नाही, ते प्रत्येक कामगाराने नीट समजून घेतले पाहिजे.

सरकारी पाहणीत आठवड्याचा हिशेब मांडतात तेव्हा नियम असा आहे की, मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी नुसता एक तास जरी काम केले, तरी तो माणूस कामावर. वर्षाचा हिशेब मांडतात तेव्हा जोडधंदा म्हणून तीस दिवस काम केले, तरी तो माणूस कामावर. गिरणी बंद झाली म्हणून गावी गेला आणि भावाच्या शेतावर बिनपगारी राबू लागला, तरी तोही कामावर! म्हणजे पोट रिकामे, खिसा रिकामा, आणि कागदावर मात्र सगळे भरलेले.

हे नियम आमच्यावर दात धरून केले, असे आम्ही म्हणत नाही. एका तासाची ही रीत जगभर चालते. शेतात राबणाऱ्या बाईला बिनकामाची म्हटले असते तर ते अधिकच खोटे झाले असते. १९७० साली दांतवाला समितीने सांगितले की आपल्या देशातली बेकारी एका मापाने मोजता येणार नाही. त्यानंतर १९७२-७३ च्या पाहणीत दिवसाचा, अर्ध्या दिवसाचा हिशेब आला. त्या मापाने रिकामे दिवस दिसू लागले. पण मथळ्यात मिरवतो तो ढोबळ आकडा. शितावरून भाताची परीक्षा होते हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ताटात एक शीत पडले म्हणून माणूस जेवला, असे कोणी म्हणते का?

कोणी म्हणेल, बदलीवाल्यांची मोजणी करता येत नाही, ते आज इथे तर उद्या तिथे. थापा आहेत या! मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने १९३५ साली बदल्यांसाठी कार्डाची पद्धत सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्डे द्यायची आणि त्यांनी रोज सकाळी गेटवर हजर राहायचे. जॉबरच्या चिरीमिरीला आळा घालायचा, हा त्यातला एक हेतू. पण हाताशी किती माणसे तिष्ठत उभी आहेत, हेही त्यातून मालकाला पक्के कळे. तेव्हा मोजणी अशक्य नाही. मालकाला गरज होती तेव्हा त्याने नाव-नंबरासकट मोजले. आज आम्हाला गरज आहे, म्हणून ती अवघड झाली!

आणि आज कामाची रीत फार पालटली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरणगावचे भोंगे एकामागून एक मुके झाले. कापड मात्र निघायचे थांबले नाही. आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होते, ते आणखी वेगाने तिकडे गेले. काम तिकडे गेले, पण फंड, रजा, आठ तासांची पाळी यांतले फार थोडे त्याच्याबरोबर गेले. इकडे परळ-लोअर परळात गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. तिथे काम नाही असे नाही. रखवाली आहे, झाडलोट आहे, घरोघर माल पोचवणे आहे. पण हाजरी ठेकेदाराच्या वहीत. वही त्याची, पेन्सिल त्याची आणि खोडरबरही त्याचेच!

बापाने गिरणीच्या गेटवर उभे राहून बदलीची वाट पाहिली. आज पोरगा मोबाईल हातात घेऊन नाक्यावर ऑर्डरीची वाट पाहतो. बापाचे गेट लोखंडाचे होते, पोराचे काचेचे आहे. वाट पाहण्याचा पैसा बापालाही नव्हता, पोरालाही नाही. एक ऑर्डर पोचवली की सरकारी हिशेबात गडी कामावर!

आता भाषेचा मुद्दा. १९५५ च्या नोव्हेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या झेलल्या त्या काय नुसत्या पाट्या बदलण्यासाठी? १ मे १९६० रोजी राज्य झाले, १९६४ साली मराठीच्या राजभाषेचा कायदा झाला. त्याचा अर्थ आम्ही असा घेतो की, कष्टकऱ्याला जे विचारायचे ते त्याला कळेल आणि त्याच्या आयुष्याला लागू पडेल अशा बोलीत विचारावे.

भल्या माणसाला विचारा, “तुम्ही बेकार आहात का?” तो मान ताठ करून सांगेल, “छे हो, बदलीवर आहे.” कारण बेकार हा शब्द आमच्यात शिवीसारखा लागतो. पण त्यालाच विचारा, “गेल्या आठवड्यात पाळ्या किती लागल्या? गेटवरून किती वेळा परत आलात? खाडे तुम्ही केलेत की तुमच्यावर लादले?” मग बघा खरे बाहेर पडते की नाही! बाईला विचारा, “काय करता?” ती म्हणेल, “काही नाही, घरीच असते.” आणि त्याच खोलीत ती दहा गड्यांच्या भाकऱ्या थापते. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. पुढे बायकांची खाती आटली आणि त्यांचे कष्ट “घरीच असते” या दोन शब्दांत गडप झाले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात खानावळवाल्या बायका एकत्र केल्या, तेव्हा बँकांचे दरवाजे त्यांना उघडले.

ज्याची नोंद, त्याचा हक्क! १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाचे नाव मंडळाच्या नोंदवहीत चढले, म्हणून त्याची मजुरी मंडळामार्फत येऊ लागली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. खेड्यातल्या माणसाने काम मागितले की १५ दिवसांत द्यावे, नाहीतर भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले. तिथे मागणीच बेकारीचा पुरावा ठरली. शहरातल्या कामगाराने असा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा?

आणि नोंद नसली तर काय होते, तेही आपण पाहिले. बंद गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. तीस-तीस वर्षे घाम गाळलेल्या माणसांना, त्यांच्या विधवांना तिकीट नंबर, फंडाची चिठ्ठी, जुने कार्ड पत्र्याच्या पेटीतून शोधत बसावे लागले. जमिनीचा फूट न् फूट मोजलेला होता. माणूस मात्र पुराव्यानिशी उभा राहिला तरच माणूस!

म्हणून आमची मागणी अशी : शहरांत आणि यंत्रमागांच्या गावांत कामाची पाहणी होईल तेव्हा लागलेल्या पाळ्या, परतलेले दिवस आणि तिष्ठण्याचे तास वेगळे लिहा. ठेकेदाराच्या माणसाला त्याच्या सहीची हजेरीवही द्या. शहरातही काम मागण्याची नोंद घ्या. आणि बेकारीचा मोठा आकडा छापाल, तिथेच अर्ध्या कामाचाही आकडा छापा.

पण सरकार करील तेव्हा करील. आपण आजपासून सुरू करू या. एक आण्याच्या वहीचे दिवस गेले, दहा रुपयांची वही घ्या. चाळीत, वस्तीत, मागाच्या शेडमध्ये एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचून दाखवावे, तिसऱ्याने सही करावी. तारीख, पाळी, मजुरी, परतलेला दिवस, एवढेच. ही वही म्हणजे उद्याचे आपले कार्ड, आपली साक्ष.

राज्य आपल्या भाषेचे झाले. आता हिशेबही आपल्या भाषेत झाला पाहिजे.

घामाची मोजणी झालीच पाहिजे!