बहाव्याखालचा मे महिना

दोस्तांनो, परीक्षा संपल्या. आता जो तो विचारणार, “सुट्टीत कुठे जाणार?” ज्यांचं उत्तर ‘कुठेच नाही’ असं आहे, आजचं पान त्यांच्यासाठी. गावाला नाहीतर महाबळेश्वरला निघालेल्यांनीही खुशाल वाचावं, पण जरा मागच्या बाकावर बसून!

मीही एका वर्षी कुठेच गेलो नव्हतो. साल १९८२. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गिरणीत साचाखात्यात होते. म्हणजे जानेवारीपासून घरात पगार नाही. लालबागच्या आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावाला निघून गेली. आमच्या गावच्या घराची वाटणी कोर्टात अडकलेली, त्यामुळे आम्ही तिथेच. एकच खोली. आई शिलाई मशीनवर, अण्णा दाराशी पेपर धरून बसलेले, पण पान काही उलटायचं नाही. आणि मी सातवी पास, मध्ये मध्ये लुडबुडणारा. एक दिवस आई म्हणाली, “बाहेर जा रे कुठेतरी. जेवायला ये.”

‘कुठेतरी’ म्हणजे भायखळ्याची राणीची बाग. घरापासून पायी अर्धा तास.

ही बाग १८६२ साली सुरू झाली. बहुतेक मुलं तिथे प्राणी बघायला जातात. २०१७ पासून तर तिथे पेंग्विनही बघायला मिळू लागले. पण मे महिन्याच्या उन्हात प्राणी काय करतात? झोपतात! झाडांचं मात्र उलट. ती ऐन बहरात असतात. बहाव्याचे पिवळेधमक घोस, आपल्या राज्याचं फूल असलेला जांभळा ताम्हण, मादागास्करहून आलेला गुलमोहर. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला नाही, थेट बुंध्यावर येतात. त्याची फळं तोफेच्या गोळ्याएवढी, म्हणून बसायचं तर जरा लांबच बसा. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच तर बुंध्यातच पाणी साठवून ठेवते. मी तिला कवेत घ्यायला गेलो आणि भिंतीला मिठी मारावी तसं झालं.

झाडाखाली गार का वाटतं ठाऊक आहे? नुसत्या सावलीमुळे नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानांमधल्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. तुमच्या घरातला माठ हेच करतो. पत्र्याच्या शेडमध्येही सावली असते, पण तिथे अर्धा तास बसून बघा, मग सांगा!

माझ्याकडे शाळेची एक वही होती, मागची पानं कोरी. आधी मी संग्रहालयाशेजारचा दगडी हत्ती काढायला घेतला. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं ते त्याच्यावरूनच. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, तर उचलताना तो पडून फुटला. पुढे तुकडे जोडून त्याला या बागेत उभं केलं. सांधे मोजत मोजत काढला, तरी माझा हत्ती म्हशीसारखाच दिसत होता. मग मी बहाव्याकडे वळलो. रोज एकच झाड, एकच जागा. (बुधवारी बाग बंद. ते दिवस फार लांबलचक जायचे.)

एकदा अण्णा माझ्याबरोबर आले. आईनेच पाठवलं असणार. साचाखात्यातला माणूस अख्खी पाळी साच्यांमधून फेऱ्या मारत असतो. त्यांच्या चालीने चालताना माझी दमछाक झाली. बागेला दोन फेऱ्या मारून ते बाकावर बसले आणि त्यांनी माझी वही मागितली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “घोस लोंबत नाहीये तुझा. बघ नीट. वरची फुलं उमललीत, खाली अजून कळ्याच आहेत. म्हणजे वर भरदार आणि खाली निमुळता. तू सगळीकडे सारखंच भरलंयस.”

संप सुरू झाल्यापासून ते एका दमात इतकं बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी न सांगताच ते चपला घालून उभे! जूनपर्यंत आम्ही दोघं जात राहिलो. त्या गिरणीत ते पुन्हा कधी गेले नाहीत. त्यांना दुसरं काम मिळेपर्यंत वर्ष गेलं.

तर आता तुमचं. राणीची बागच हवी असं नाही. पुण्याला एम्प्रेस गार्डन आहे, नागपूरला महाराजबाग. तीही लांब असेल तर कोपऱ्यावरची नगरपालिकेची बाग चालेल. सकाळी नऊच्या आत जा, नाहीतर ऊन उतरल्यावर. बरोबर पाण्याची बाटली घ्या. आधी दोन फेऱ्या भरभर, घाम येईपर्यंत. मग झाडाखाली बसून एक चित्र. तेवढ्यात कुठूनतरी ‘टुक टुक टुक’ असा ठोका ऐकू आला तर तो तांबट पक्षी. मूठभर आकाराचा आणि हिरवा असतो, त्यामुळे पानांत सापडता सापडत नाही. तो शोधायला घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर न्या, विशेषतः पेपरचं पान न उलटणाऱ्याला.

आणि चित्राखाली तारीख घालायला विसरू नका. बहावा फुलला की साधारण दीड महिन्यात पाऊस येतो, असं जुनी माणसं सांगतात. माझ्या वहीत त्यांचा अंदाज दोन आठवड्यांनी चुकला होता. तुमच्या बहाव्याखाली काय होतं ते पहिल्या पावसानंतर पत्राने कळवा. चित्र पाठवणार असाल तर मात्र त्याची घडी घालू नका!