सुटलेल्या बंदुका आणि निसटलेली जबाबदारी

सरकारच्या हातून चूक घडणे हा लोकशाहीत काही अपूर्व प्रकार नव्हे. ती उघडकीस आल्यावर सत्ताधारी कसे वागतात, यावरच त्या राज्यपद्धतीची खरी पारख होते. अमेरिकेत ‘फास्ट अँड फ्युरिअस’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले शस्त्रांचे प्रकरण या दृष्टीने आजही मननीय आहे.

मद्य, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके यांच्या नियंत्रणासाठी असलेल्या ए. टी. एफ. या केंद्रीय खात्याच्या ॲरिझोना राज्यातील फीनिक्स येथील कचेरीने २००९ च्या अखेरीस ही मोहीम हाती घेतली. मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्यांसाठी त्यांचे हस्तक अमेरिकेतील उघड दुकानांतून बंदुका विकत घेत. या किरकोळ खरेदीदारांना तेथल्या तेथे पकडण्याऐवजी बंदुका पुढे जाऊ द्याव्यात आणि त्यांच्या मागाने मोठ्या धेंडांपर्यंत पोहोचावे, असा बेत होता. परंतु ज्यावर सारी भिस्त, तो माग काढण्याची धड व्यवस्थाच नव्हती. दुकानातून निघालेली बंदूक डोळ्यांआड होई, आणि पुन्हा दृष्टीस पडे ती गुन्ह्याच्या जागी! अशी सुमारे २,००० शस्त्रे निसटली. ज्या मेक्सिकोकडे त्यांचा ओघ होता, तेथील सरकारला याची दादही नव्हती.

डिसेंबर २०१० मध्ये ॲरिझोनाच्या सीमाभागात लुटारूंशी झालेल्या चकमकीत ब्रायन टेरी हा सीमारक्षक ठार झाला. घटनास्थळी सापडलेल्या दोन रायफली याच मोहिमेतून सुटलेल्या होत्या. खात्यातील जॉन डॉडसन या अधिकाऱ्याने धैर्य दाखवून वाचा फोडली नसती, तर हे सारे दप्तरात गडप झाले असते. सिनेटर ग्रासली यांनी विचारणा केली, तेव्हा ४ फेब्रुवारी २०११ रोजी न्यायखात्याने लेखी उत्तर देऊन आरोप साफ नाकारला. तेच पत्र त्या खात्याला डिसेंबरमध्ये मागे घ्यावे लागले. मोहिमेतील चूक अविचाराची म्हणता येईल. परंतु असत्य विधान दहा महिने तसेच राहू देणे, ही त्याहून गंभीर गोष्ट होय.

पुढे प्रतिनिधिगृहाने कागदपत्रे मागितली. अध्यक्ष ओबामा यांनी जून २०१२ मध्ये विशेषाधिकाराची ढाल पुढे केली. तेव्हा सभागृहाने २५५ विरुद्ध ६७ मतांनी न्यायखात्याचे प्रमुख श्री. एरिक होल्डर यांना अवमानाबद्दल दोषी ठरविले. पदावर असलेल्या मंत्र्यावर असा प्रसंग त्या देशात प्रथमच आला. पण खटला भरावयाचा कोणी? श्री. होल्डर यांच्याच खात्याने! त्या खात्याने तो भरण्यास नकार दिला, यात नवल ते काय? विशेषाधिकाराचा दावा न्यायालयाने फेटाळला तो जानेवारी २०१६ मध्ये. तोपर्यंत श्री. होल्डर पद सोडून गेलेही होते.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०१२ मधील महानिरीक्षकांच्या अहवालाने चौदा अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. मात्र २०११ पूर्वी श्री. होल्डर यांना या कार्यपद्धतीची माहिती असल्याचा पुरावा मिळाला नाही, असेही त्यात म्हटले आहे. शिवाय असाच एक प्रयोग बुश यांच्या कारकीर्दीत, २००६-०७ मध्ये, टूसॉन येथे झाला होता. विरोधकांनी सोयीस्कर तेवढेच बोलून पक्षीय लाभाकडे लक्ष दिले, हे नाकारता येणार नाही.

तथापि ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव कितपत ग्राह्य धरावा? मोहिमेचा उल्लेख असलेली टिपणे २०१० मध्ये मंत्र्यांच्या नावे गेली होती. ती त्यांनी वाचली नाहीत. टेरीच्या हत्येशी या शस्त्रांचा असलेला संबंध हाताखालच्यांना कळूनही त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. अप्रिय वार्ता वर जाणारच नाही अशी खात्याची रचना असेल, तर त्या रचनेचा जबाब खातेप्रमुखानेच द्यावयास हवा. आपल्याकडे १९५८ साली मुंदडा प्रकरणाच्या चौकशीत न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत हेच बजावले होते की, सचिवाच्या कृत्याची वैधानिक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही. कृष्णम्माचारी यांना अर्थमंत्रिपद सोडावे लागले. अमेरिकेतील मंत्री विधिमंडळाचे सदस्य नसतात, ते अध्यक्षांना जबाबदार असतात, हा भेद खरा. पण म्हणूनच तेथे कागदपत्रे खुली करण्याचे कर्तव्य अधिक कठोर ठरते. कारण लोकप्रतिनिधींच्या हाती दुसरे साधन फारसे उरत नाही.

श्री. होल्डर यांनी कट केला, असे आमचे म्हणणे नाही. चुकीच्या पत्राची जबाबदारी त्यांनी प्रथमदिवशीच स्वीकारून सर्व दप्तर पुढे ठेवले असते, तर त्यांची प्रतिष्ठा वाढली असती आणि टेरीच्या आप्तांना उत्तरासाठी वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागले नसते. मेक्सिकोत या बंदुकांनी किती बळी घेतले, याची मोजदाद तर अमेरिकेच्या वादंगात कोणी फारशी केलीच नाही. गुप्ततेची गरज मोहीम चालू असेतोवर मान्य करता येईल. ती फसल्यावर मात्र गुप्तता राष्ट्राचे रक्षण करीत नाही, केवळ अधिकाऱ्यांचे करते. दिल्लीत काय किंवा मुंबईत काय, ‘माहिती नव्हती’ असे उत्तर मंत्र्यांच्या तोंडून ऐकू येईल तेव्हा, माहिती का नव्हती, हा पुढचा प्रश्न विचारण्याचे आपण नागरिकांनी विसरता कामा नये.