सातबाऱ्यावर नाव नसलेला हात

दिवाळी उलटली की भंडारा जिल्ह्यात पवनी-लाखांदूरपासून मोहाडी-तुमसरपर्यंत धानाचे पुंजणे उभे राहतात आणि ट्रॅक्टरच्या शक्तीवर चालणारी मळणीयंत्रे घरघरू लागतात. तासावर भाडे ठरले की यंत्र थांबणे कोणालाच परवडत नाही. दवाने ओली झालेली पेंढी तोंडाशी अडते, मजूर ती हाताने आत लोटतो, आणि फिरत्या पात्यांना पेंढी व मनगट यांतला भेद कळत नाही. मग गावाचा निवाडा ठरलेला असतो : 'त्याचीच चूक, लक्ष नव्हते.'

हा निवाडा सोयीचा आहे, कायद्याचा नव्हे. शेतीत यांत्रिक शक्तीच्या साधनांवर राबणाऱ्याला 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने आपल्या यादीत स्थान दिले होते. नैमित्तिक मजुराला वगळणारे शब्द 2000 सालच्या दुरुस्तीने काढून टाकले. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले. मजूर नशेत असणे, त्याने सुरक्षेचा आदेश जाणूनबुजून मोडणे किंवा संरक्षक झाकण बुद्ध्या काढणे, अशाच कारणांवर मालकाला अंग काढून घेता येते. क्षणभराचे अनवधान त्यांत बसत नाही. आणि झाकण यंत्रमालकानेच काढून ठेवले असेल, तर दोष मजुराच्या माथी कोणत्या न्यायाने मारायचा?

हाताचे मोलही कायद्याने ठरवले आहे. अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीची हानी 30 टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर 50 टक्के. महिना 9,000 रुपये मजुरीच्या चाळीस वर्षांच्या मजुराचा अंगठा गेल्यास सूत्राप्रमाणे सुमारे 2 लाख 98 हजार रुपये होतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च निराळा. दवाखान्याचे बिल भरून, वर चार नोटा हातावर ठेवून माणुसकीचा टेंभा मिरवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा. ते उपकार म्हणून जे देतात, तो देण्याचा एक तुकडा असतो.

येथे एक प्रामाणिक आक्षेप निघतो. दोन एकर धानाचा शेतकरी तीन लाख कोठून आणणार? आक्षेप खरा आहे, पण त्यातून मजुराचा हक्क रद्द होत नाही. जबाबदारी यंत्राच्या गळ्यात बांधण्याची गरज सिद्ध होते. संसदेने हे 1983 सालीच ओळखले होते. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा त्या वर्षीचा कायदा मुख्यतः मळणीयंत्रासाठी झाला, आणि निर्मात्यापासून वापरणाऱ्यापर्यंत प्रत्येकावर कर्तव्ये टाकून जखमी मजुराच्या भरपाईची सोय करणे हा त्याचा उद्देश होता. भारतीय मानकाने पेंढी सरकवण्याच्या घसरणीची लांबी 90 सेंटिमीटर आणि त्यातला निम्मा भाग झाकलेला असावा असे सांगितले; पात्यांपर्यंत हात पोहोचूच नये, हा त्यामागचा साधा हेतू. लोखंडी पत्र्याच्या या तुकड्यासाठी विज्ञान अडलेले नाही. अडली आहे ती नफ्याची घाई आणि सरकारची अनास्था.

राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांना संरक्षण आहे. एक अवयव गेला तर 1 लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत. पण त्याच यंत्रात भूमिहीनाचा हात गेला, तर शासन सातबारा मागते. ज्याच्याजवळ हातांखेरीज दुसरी मालमत्ता नाही, त्यालाच नेमके वगळणारी ही करुणा कोणत्या समाजवादी राज्यघटनेला शोभते?

मागण्या तीनच आहेत. रस्त्यावर ट्रॅक्टरला विम्याशिवाय चालता येत नाही. तसे त्याच्या शक्तीवर चालणाऱ्या मळणीयंत्रालाही मजुराच्या विम्याशिवाय चालू देऊ नये. यांत्रिकीकरणाचे सरकारी अनुदान झाकणबंद, मानकप्राप्त यंत्रालाच मिळावे आणि हंगामात त्याची शेतावर तपासणी व्हावी. अपघात योजनेतून सातबाऱ्याची अट काढून शेतमजुराला तिच्यात घ्यावे. शेतमजूर संघटनांनी या मागण्या पुढच्या मळणीपूर्वी प्रत्येक ग्रामसभेत मांडल्या पाहिजेत. हात तुटल्यावर सहानुभूती गोळा करण्यापेक्षा हात शाबूत असताना तो मुठीत वळवणे अधिक शहाणपणाचे.