आराखड्याबाहेरची मुले

दसरा उलटला की बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्ची पडलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे कारखान्याच्या हिशेबातील एक कोयता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार टाकून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकाकडे निघते. मुलेही बरोबर जातात. थोरली मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, तिच्या पाठचा भाऊ फडात वाढ्यांच्या मोळ्या बांधतो. गाळप संपेपर्यंत ही मुले परतत नाहीत. तोवर शाळेचे वर्षही संपत आलेले असते.

नेमक्या याच दिवसांत गावच्या शाळेत एक महत्त्वाचा कागद तयार व्हावयाचा असतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना व्यवस्थापन समित्या दिल्या. त्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान मिळावे, असे कायदा सांगतो. शाळा विकास आराखडा या समितीने करावयाचा आणि शासनाने अनुदान देताना तोच आधार मानावयाचा, अशी ही योजना आहे. शाळेचे नियोजन मंत्रालयातून खाली न येता पालकांच्या बैठकीतून वर जावे, ही कल्पना लोकशाही समाजवाद्यांनी मनापासून स्वागत करावे अशीच आहे. पण आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी आराखडा तयार व्हावा, अशी नियमांची अपेक्षा. म्हणजे तो डिसेंबरअखेर व्हावयाचा, आणि डिसेंबरात ऊसतोडणी कामगार फडात असतो. ज्याच्या मुलासाठी आराखड्याची सर्वांत अधिक निकड, तोच पालक बैठकीस गैरहजर! मग उरलेले सभासद कुंपण, रंगरंगोटी आणि संगणक मागतात. अपंग मुलासाठी दारात उतार बांधला की सर्वसमावेशकतेचा रकानाही भरला जातो. तो मुलगा वर्गात पोहोचतो की नाही आणि पोहोचल्यावर त्याला शिकवितो कोण, हे विचारावयास रकाना नसतो.

पटाचे गणित याहून विचित्र आहे. शिक्षकांची पदे ठरविताना सप्टेंबरअखेरचा पट धरण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली. त्या दिवशी स्थलांतरित मूल आपल्या गावीच असते. महिन्या-दोन महिन्यांत ते कारखान्याच्या परिसरात पोहोचते, तेव्हा तेथील शाळेच्या हिशेबात त्याच्यासाठी ना शिक्षक असतो, ना बाक. इकडे नाव कमी झाले तर पट घटेल आणि पद जाईल, ही गावच्या शिक्षकाची धास्ती. त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही; पदे पटावर टांगल्यावर तो पट जपणारच. परिणाम एवढाच की मूल कागदोपत्री एका शाळेत असते आणि प्रत्यक्षात कोणत्याही शाळेत नसते.

उपाय झालेच नाहीत असे नाही. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या; पुढे नियमित शाळेतील प्रवेशावर भर देण्यात आला. आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आली, जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी पत्रक आले. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. परंतु यातली प्रत्येक गोष्ट आराखड्याच्या कडेला जोडलेल्या ठिगळासारखी राहिली. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला, त्याच मुलखातील उसाच्या फडात शंभर वर्षांनंतरही शाळेबाहेरचे मूल दिसावे, याचा जाब कोणी कोणाला विचारावयाचा?

तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांना येथे काम आहे, आणि ते मोर्चाइतके गाजणारे नाही. आराखड्याची पालकसभा टोळ्या निघण्यापूर्वी, भाद्रपदातच घेण्याचा आग्रह धरावा. कोणते मूल जाणार, कोणते मागे राहणार, मागे राहणाऱ्याचे जेवण व मुक्काम कोठे, याची नावनिशीवार यादी आराखड्याच्या पहिल्या पानावर हवी. कोणत्या गावातून किती टोळ्या येणार हे कारखान्याला करारांमुळे आधी कळते. मुलांसह ती माहिती त्याने गाळपापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी. आणि कारखान्याच्या परिसरातील शाळांचा पट हंगाम सुरू झाल्यावर पुन्हा मोजून तेवढ्या महिन्यांपुरते जादा शिक्षक शासनाने द्यावेत. खर्चाची सबब पुढे येईल, तेव्हा ज्या साखरेवर सरकार कर घेते ती कोणाच्या कोयत्याने तोडलेल्या उसाची, एवढे विचारावे. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे हाच मुद्दा मांडला होता: सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो.