सोरायसिस किती वाढलाय, हे रक्ताच्या रिपोर्टमध्ये शोधू नका

"डॉक्टर, सीआरपी नॉर्मल आलाय. म्हणजे माझा सोरायसिस कमी झाला ना?"

चिखलीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या तळहातांना भेगा पडलेल्या असतात. पाना धरवत नाही, म्हणून कामावर खाडे होतात. आणि समोर टेबलावर असतो तपासण्यांच्या महागड्या पॅकेजचा रिपोर्ट!

माझं मत स्पष्ट आहे. सोरायसिसची तीव्रता ठरवणारी खात्रीची रक्ततपासणी आजतरी नाही.

मग सीआरपी, ईएसआर कशासाठी? सोरायसिसमध्ये आपलीच प्रतिकारयंत्रणा त्वचेत दाह निर्माण करते. तो जास्त असेल तर हे आकडे वाढू शकतात. सीबीसीमधल्या न्युट्रोफिलला लिम्फोसाइटने भागलं (उदा. ६० भागिले ३० म्हणजे २) की जे गुणोत्तर येतं, तेही सोरायसिसच्या रुग्णांमध्ये सरासरीने जास्त आढळतं. पण सरासरी अनेकांची असते, उपचार एका माणसावर करायचे असतात. ताप, दाताचा पू, वाढलेलं वजन यांनीही सीआरपी वाढतो. स्टेरॉइडच्या गोळीने न्युट्रोफिल वाढतात. उलट त्वचा खूप खराब असूनही सीआरपी नॉर्मल असू शकतो.

तीव्रता कशी ठरते? डोळ्यांनी पाहून. चट्ट्यांचा लालपणा, जाडी, कोंडा आणि व्याप्ती यांवरून त्वचारोगतज्ज्ञ 'पासी' हा ० ते ७२ गुणांचा स्कोअर काढतात. घरी अंदाज घ्यायचा तर तुमचा बोटांसह एक तळहात म्हणजे शरीराची सुमारे १ टक्का त्वचा. साधारणपणे ३ टक्क्यांपर्यंत सौम्य, १० टक्क्यांच्या वर तीव्र. मात्र तळहात, तळपाय, चेहरा किंवा जननेंद्रियावर चट्टे असतील, तर टक्केवारी कमी असूनही आजार तीव्र मानावा लागतो. ज्याची भाकरी हातांवर अवलंबून आहे, त्याला 'दोनच टक्के आहे' असं सांगणं चूक आहे.

रक्ततपासणी निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. सोरायसिससोबत मधुमेह, कोलेस्टेरॉल, फॅटी लिव्हर जास्त आढळतात, म्हणून त्या तपासण्या करा. मेथोट्रेक्सेट सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही ठरावीक काळाने सीबीसी, लिव्हर, किडनी पाहावीच लागते. बायोलॉजिक इंजेक्शनांपूर्वी क्षयरोगाची तपासणी हवी.

तेव्हा पुढच्या वेळी रिपोर्टआधी तीन गोष्टी सांगा: खाज किती, झोप लागते का, काम जमतं का. सकाळी बोटं किंवा कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल तर तेही सांगा. सांध्यांचा सोरायसिस असू शकतो, आणि तो सीआरपी नॉर्मल असतानाही होतो. अंगभर लाली किंवा पुवाचे फोड येऊन ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका. उपचार आकड्यावर नव्हे, तुमच्यावर करायचे आहेत.