खरे ओळखावे, मग उजळावे

लंडनची लिली अँड स्किनर ही पेढी पादत्राणांच्या व्यापारासाठी नावाजलेली होती. त्या घराण्यातील जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांचे मन मात्र मोटारींत रमले. इंजिनाला कधी थोडे, कधी फार पेट्रोल लागते. ते प्रत्येक वेळी हवेच्या मापाने कसे द्यावे, या प्रश्नाचा त्यांनी ध्यास घेतला आणि १९०४ मध्ये एक नव्या तऱ्हेचा कार्बोरेटर सिद्ध केला. त्याच्या पहिल्या नमुन्यात हवेच्या ओढीने वरखाली होणारा चामड्याचा भाता होता. तो भाता त्यांच्या पत्नीने शिवला, अशी त्या घरातील आठवण सांगितली जाते. धाकटे बंधू कार्ल यांनी पेढीतील आपला वाटा विकून या शोधाच्या उत्पादनात उडी घेतली. हर्बर्ट पेढीचे संचालक राहूनच त्यात सुधारणा करीत राहिले. १९१० मध्ये एसयू कंपनी स्थापन झाली. एसयू म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. १९२६ मध्ये मोटार कारखानदार विल्यम मॉरिस यांनी ती विकत घेतली आणि पुढील अनेक दशके मॉरिस, एमजी, जॅग्वार अशा इंग्रजी गाड्यांना याच नावाचे कार्बोरेटर बसत राहिले.

चामड्याची जागा पुढे धातूच्या दट्ट्याने घेतली. तत्त्व तेच राहिले. घुमटासारख्या टोपणाखाली हा दट्ट्या असतो आणि त्याच्या तळाशी निमुळती सुई बसवलेली असते. इंजिनाने हवा जितकी ओढली तितका दट्ट्या वर जातो. सुईचा बारीक भाग जेटच्या छिद्रात येतो आणि पेट्रोलला तितकीच अधिक वाट मिळते. हवा कमी झाली की दट्ट्या खाली येतो आणि वाट अरुंद होते. मागणीनुसार पुरवठा करणाऱ्या या यंत्रात हलणारे भाग थोडे आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकाचे माप हजारांश इंचात धरलेले असते.

भारतातील जाणत्या मेकॅनिकांना एसयू परका नाही, कारण अ‍ॅम्बॅसडरच्या बॉनेटखालीही तो असे. अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन आणि १९५५ मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅबिंग्डन येथे तयार होऊ लागलेल्या एमजीए १५०० या स्पोर्ट्स कारचे इंजिन एकाच कुळातील आहे. आजोबांच्या काळातील एखादी एमजीए कोठे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असेल, तर या नात्याचा तिला आधारही होतो आणि धोकाही. आधार असा की तिची भाषा समजणारे हात येथे आहेत. धोका असा की आयात कठीण असलेल्या काळात जो भाग हाताशी आला तो बसवून गाडी चालती ठेवली गेली असण्याचा संभव असतो. म्हणून अशा गाडीच्या कार्बोरेटरला पाना लावण्यापूर्वी त्याची ओळख पटवून घ्यावी लागते.

ओळखीची पहिली खूण म्हणजे माप. एसयूच्या नावातील आकडा हा एक इंचावर किती अष्टमांश, हे सांगतो. एच-२ म्हणजे सव्वा इंच, एच-४ म्हणजे दीड इंच, एच-६ म्हणजे पावणेदोन इंच. एमजीए १५०० ला मुळात एच-४ जातीचे दोन कार्बोरेटर होते. अ‍ॅम्बॅसडरचा एचएस-२ सव्वा इंचाचा असतो. तो जागेवर बसला आणि इंजिन सुरू झाले, तरी चढावर गाडीचा श्वास कोंडणारच.

दुसरी खूण पेट्रोलच्या वाटेची. एच जातीत फ्लोटच्या भांड्यातून पेट्रोल धातूच्या अंगातूनच जेटकडे जाते. एचएस जातीत त्यासाठी भांड्याच्या तळापासून जेटपर्यंत नायलॉनची बारीक नळी दिसते. एमजीएनंतर १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीचा एचएस-४ देखील दीड इंचाचाच आहे, त्यामुळे केवळ मापावरून फसगत होऊ शकते. तेथे नळी पाहावी आणि जोडपट्टीचे बोल्ट मोजावेत. एमजीएच्या एच-४ ला दोन असतात, एमजीबीच्या एचएस-४ ला चार.

तिसरी खूण म्हणजे टोपणाच्या स्क्रूखाली अडकवलेली धातूची छोटी पट्टी. तिच्यावर एयूसी किंवा एयूडी या अक्षरांनंतर जो आकडा असतो, त्यावरून तो कार्बोरेटर कोणत्या गाडीसाठी जुळवला होता हे कळते. कार्बोरेटरच्या अंगावरही ओतकामातच उमटलेले आकडे असतात. ते केवळ ओतीव भागाचे असून अनेक गाड्यांच्या कार्बोरेटरांवर सारखेच असू शकतात. त्यांनाच ओळख मानणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. चौथी खूण सुईच्या दांड्यावर कोरलेली अक्षरे. एमजीए १५०० साठी प्रमाणित सुई ‘जीएस’. सुया वरवर सारख्या दिसतात, पण प्रत्येकीचा निमुळतेपणा वेगळा असतो, आणि पेट्रोलचा सारा हिशेब त्यावरच उभा असतो.

ओळख पटल्यानंतर डागडुजी. येथे सराफाचा नियम लागू पडतो : कस पाहिल्याशिवाय आटणी नाही. टोपण आणि दट्ट्या ही कारखान्यात जुळवलेली जोडी असते. दोन कार्बोरेटर एकाच वेळी उघडले तर त्यांचे भाग वेगवेगळ्या ताटांत ठेवावेत. टोपणाच्या आतील पृष्ठभागाला पॉलिश कागद लावू नये, वाळूचा मारा तर मुळीच करू नये. जोडी शाबूत आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. दट्ट्याची छिद्रे बंद करून जोडी उलटी धरली असता दीड इंची कार्बोरेटरचे टोपण दट्ट्यावरून सुटून खाली यायला साधारण ५ ते ७ सेकंद लागावेत. ते झटकन पडले तर मधून हवा निसटते आहे. अडखळले तर आत मळ किंवा पोच आहे.

सर्वाधिक झीज थ्रॉटलच्या आडव्या दांड्याची होते. तो हाताने हलवून पाहिला असता खुळखुळला, तर त्या फटीतून आगंतुक हवा शिरते. मग सुई कितीही बदलली तरी उभ्या गाडीत इंजिन स्थिर राहत नाही. नवा दांडा घालून भागले नाही, तर भोक रिमरने सरळ करून बुश बसवावा लागतो. हे काम चांगल्या लेथवाल्याचे. अंग अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वर्ज्य. तो धातूच खातो. धुतलेले केरोसीन अंगणात किंवा गटारात ओतू नये, बंद डब्यात साठवावे. जयणेचा विचार गॅरेजच्या दाराशी थांबत नाही.

जेटभोवतीच्या बुचाच्या चकत्या तेलात भिजवून बसवतात. आज भारतातील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने फुगते किंवा चिरते, आणि इथेनॉल ओलावा धरत असल्यामुळे फार दिवस उभ्या असलेल्या गाडीत गंज चढतो. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि चकत्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात. हा उपदेश केवळ टापटिपीसाठी नाही. एमजीएमध्ये कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. भरून वाहणाऱ्या फ्लोटच्या भांड्यातून ठिबकलेले पेट्रोल तापलेल्या लोखंडाच्या दिशेनेच जाते. फ्लोटची पातळी ठरवताना झाकण उलटे धरून काट्याखाली ७/१६ इंचाची सळई घालून पाहतात. त्या एका मापाकडे दुर्लक्ष झाले, तर घरातली माणसे बसलेली गाडी रस्त्यात पेटू शकते.

सर्व जोडल्यावर दट्ट्या बोटाने उचलून सोडावा. तो ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करीत खाली आला, तर सुई जेटच्या मध्यावर आहे. घुमटात हलके इंजिन तेल घालावे. मग दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाशी रबरी नळी धरून दुसरे टोक कानाला लावतात आणि हवेचा सूं-सूं आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत जुळणी करतात. जुने मेकॅनिक हे काम डोळे मिटून करताना दिसतात.

यानंतर एक प्रश्न उरतो, आणि तो यंत्राचा नाही. मूळ कार्बोरेटर असलेल्या गाडीला बाजारात मान अधिक, म्हणून किंमतही अधिक. एसयूचे नवे भाग आजही इंग्लंडमधील साल्जबरी येथे तयार होतात. जुन्या नमुन्याची पट्टी बनवून तिच्यावर हवा तो आकडा ठोकणेही अवघड नाही. नवा भाग बसवण्यात गैर काहीच नाही. किंबहुना सुरक्षिततेसाठी तो आवश्यक असतो. गैर आहे ते नव्याला जुने म्हणणे. अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत मापात कमीजास्त करण्याच्या जोडीला ‘प्रतिरूपक व्यवहार’ हाही एक आहे : अस्सलाच्या नावाखाली नकली देणे. धान्य, तूप, सोने यांच्या व्यापारात श्रावकाने जो नियम पाळायचा, तो हौसेच्या वस्तूला सुटत नाही. उलट, हौसेची वस्तू घेणारा अनेकदा भावनेने घेतो, पारखून घेत नाही. त्यामुळे विकणाऱ्यावरची जबाबदारी वाढते.

यावर उपाय व्यापाऱ्याच्या हातचाच आहे, तो म्हणजे वही. गाडीच्या कागदपत्रांबरोबर एक यादी ठेवावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत : मूळ, नवीन आणि पर्यायी. अंग मूळ, दांडा नवीन, पट्टी हरवलेली, सुई जीएस, चकत्या अमुक साली बदलल्या, असे जे असेल ते लिहावे. काम करणाऱ्या कारागिराची सही घ्यावी आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून सोबत ठेवावेत. विक्रीच्या वेळी या यादीमुळे चार पैसे कमी येतील, असे वाटू शकते. पण जो ग्राहक अशी यादी वाचून गाडी घेतो, तो पुढच्या व्यवहारालाही त्याच दारात येतो. आणि गाडी विकलीच नाही, घरातच राहिली, तर वीस वर्षांनी बॉनेट उघडणाऱ्या नातवाला आपल्या हाती काय आले आहे, हे कोणाला विचारावे लागत नाही.