ॲसिड कोणाच्या बाटलीत?

कॅन्टीनमध्ये कोणी कोला उघडला की एक तरी शहाणा म्हणतोच, "अरे, त्यात ॲसिड असतं! त्यापेक्षा ज्यूस पी." मित्रांनो, यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. भांडण आहे ते दुसऱ्याशी.

आधी आकडे बघू. कोलाचा पीएच (शाळेतल्या पुस्तकातला 'सामू') साधारण 2.5. लिंबाच्या रसाचा 2 ते 2.5, म्हणजे तो कोलाच्याही पुढे! संत्र्या-सफरचंदाचे रस साधारण 3.5 ते 4. आता दातांचं बघा. पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दातांवरचं इनॅमल विरघळू लागतं. म्हणजे वरची सगळी मंडळी एकाच बाकावर बसलेली.

तुम्ही म्हणाल, पीएचमध्ये एकाचा फरक म्हणजे दहापट, मग संत्रं बरंच सौम्य झालं की! पण पीएच फक्त सुटे हायड्रोजन आयन मोजतो, एकूण आम्ल नाही. टायट्रेशन करा. संत्र्याचा रस उदासीन करायला कोलापेक्षा जास्त सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. तोंडात हेच काम बिचाऱ्या लाळेला करावं लागतं.

फेसालाही उगाच बदनाम करू नका. साध्या सोड्याचा पीएच 4 च्या आसपास असतो. कोलाचा खरा आंबटपणा फॉस्फोरिक आम्लाचा. लिंबू-संत्रा चवीच्या थंड पेयांत असतं सायट्रिक आम्ल, जे फळांतही असतंच. 'नैसर्गिक' असा शिक्का बघून इनॅमल काही सवलत देत नाही.

म्हणून कोला चांगला असं मी मुळीच म्हणत नाही. रसात निदान क सत्त्व तरी आहे, आणि अख्खं फळ खाल्लं तर सगळ्यात उत्तम. पण माझ्या मते "काय प्यायलं" याइतकंच "किती वेळ प्यायलं" हेही महत्त्वाचं. जेवणाबरोबर ग्लासभर प्यायलं तर लाळ सावरून घेते. सबमिशनच्या रात्री तीच बाटली घोट-घोट करत चार तास पुरवली तर लाळेला उसंतच नाही. वर लगेच ब्रश केला तर मऊ पडलेलं इनॅमल आणखी झिजतं. त्यापेक्षा पाण्याने चूळ भरा आणि ब्रशला निदान अर्धा तास थांबा.

आणि एक सूचना. केमिस्ट्री लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल कॅन्टीनमधल्या पेयांवर ठेवा. जर्नल कॉपी करायची वेळ येणार नाही, आणि मार्क मिळोत न मिळोत, दात तरी शिल्लक राहतील!